विसाव्या लेव्हलच्या पुढे



या वेळी एकाच पत्राला सगळी जागा देते आहे. इंदूरहून एका वाचक ताईंनी लिहिलंय. त्यांचा मुलगा बारावीत आहे. तो आणि त्याचे चार मित्रमैत्रिणी गेली तीन वर्षं दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. मुलगा त्यांचा डंजन मास्टर आहे, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांची पात्रं विसाव्या लेव्हलला पोचली. पुस्तकातल्या लेव्हल तिथंच संपतात. थांबायचं कोणालाच नव्हतं, म्हणून मुलानं दोनशे पानी वहीत एकवीस ते तीस लेव्हलचे नियम स्वतः लिहून काढले. तेव्हापासून भांडणं सुरू झाली. योद्धा खेळणारी मुलगी गेल्या रविवारी अर्ध्यातून उठून गेली. जाताना म्हणाली, "मी इथे नुसते फासे टाकायला येते का?"

ताई विचारतात, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण ही पोरं आठवीपासून एकत्र आहेत. परीक्षा झाली की कोणी पुण्याला जाईल, कोणी बेंगळुरूला. एका वहीपायी त्यांनी असं तोंड फिरवून जावं का? मी मध्ये पडू का?" पत्राला वहीच्या दोन पानांचे फोटो जोडलेत आणि खाली मुलानं स्वतः एक ओळ लिहिली आहे: 'तीस लेव्हलच्या पात्रांसमोर टेरास्कला किती हिट पॉइंट द्यावेत?'

ताई, आधी तुमच्याशी दोन शब्द बोलते आणि मग पान मुलाच्या हातात द्या.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. सापशिडीसारखा पट यात लागतोच असं नाही आणि शेवटी कोणी एक जिंकतही नाही. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी पुजारी. पात्रानं अवघड काही करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि ठरलेला आकडा गाठला की काम झालं. अनुभव वाढतो तशी पात्राची लेव्हल वाढते. (सोफ्याखाली झाडताना हिऱ्यासारखे दिसणारे रंगीत तुकडे सापडत असतील तर ते हेच फासे. फेकू नका, महाग असतात.)

नियम घरी बनवण्याला ही मुलं 'होमब्रू' म्हणतात. शब्द नवा असला तरी काम आपल्या ओळखीचं आहे. मेंढीकोटात हुकूम कसा लावायचा यावर दोन घरांचं कधी एकमत झालंय का? आणि गल्लीतलं क्रिकेट तर सगळं होमब्रूच! एक टप्पा आउट. शेजारच्यांच्या गच्चीत थेट गेला तर आउट, आणि चेंडूही त्यानंच आणायचा. हे नियम नीट आठवून बघा. सिक्सर मारणारा एकच दादा असायचा. त्याला आवरायला बाकीच्यांच्या बॅटी मोठ्या केल्या नाहीत, त्याच्या सिक्सरला किंमत लावली. त्याच गल्लीत एक लिंबूटिंबू पण असायचा. त्याला बॅटिंग मिळायची, पण आउट झाला तरी आउट नाही आणि त्याच्या धावाही कोणी मोजायचं नाही. तो खेळात होता, पण त्याच्या असण्या-नसण्यानं काही फरक पडत नव्हता.

तुमच्या टेबलावरची ती मुलगी लिंबूटिंबू झाली आहे. तिचं चिडणं रास्त आहे. आणि हे तुमच्या मुलाच्या वाईट वागण्यानं झालेलं नाही. हा खेळ वरच्या लेव्हलला गेला की बहुतेक टेबलांवर असंच होतं. पन्नास वर्षांत या खेळाच्या प्रत्येक आवृत्तीला याच ठिकाणी घाम फुटला आहे.

आता पान मुलाकडे.

तुझे नियम मी दोनदा वाचले. मेहनत दिसते. अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण पहिल्या पानावरचा जो तक्ता तुला सगळ्यात आवडतो असं वाटतं (लाल शाईनं चौकट केली आहेस), तोच सगळ्या भांडणाचं मूळ आहे.

गणित करून बघू. विसाव्या लेव्हलच्या योद्ध्याचा प्रोफिशियन्सी बोनस 6, ताकदीचे 5, जादूच्या तलवारीचे 3, म्हणजे एकूण 14. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये टेरास्कचा आर्मर क्लास 25 आहे. फाशावर 11 किंवा जास्त पडले की घाव लागतो, म्हणजे 50 टक्के. तुमच्या चोराकडे साधीशी जादूची कट्यार आहे, त्याचे होतात 12. त्याला 13 लागतात, म्हणजे 40 टक्के. दोघांत फक्त 10 टक्क्यांचा फरक आहे. दोघांचाही फासा हातातून सुटला की टेबल श्वास रोखून बघतं. पाचव्या आवृत्तीत आकडे मुद्दाम असे आखडून धरले आहेत.

तू तक्त्यात योद्ध्याला दर लेव्हलला अधिक 1 दिला आहेस. तिसाव्या लेव्हलला त्याचे 24 होतात. टेरास्क 25 वरच राहिला तर योद्ध्याला 2 पडले तरी पुरे. फासा टाकायचा कशाला मग? हे तुझ्याही लक्षात आलं, म्हणून दुसऱ्या पानावर टेरास्कचा आर्मर क्लास 35 केलास. योद्धा परत 50 टक्क्यांवर आला. म्हणजे दहा लेव्हल वाढून तो होता तिथंच आहे. पण चोर? त्याचे 12 च राहिले. त्याला आता फाशावर 23 हवेत, आणि फाशाला बाजू वीसच. नुसता वीसचा आकडा पडला तर घाव लागणार, म्हणजे 5 टक्के. त्या पोरानं तीन तास बसून काय करायचं?

एकदा खेळाडूंच्या आकड्यांमध्ये असं अंतर पडलं की कुठलाच शत्रू सगळ्यांना पुरत नाही. एकाला सोपा, दुसऱ्याला अशक्य.

तिसऱ्या आवृत्तीच्या लोकांना हे फार आधी कळलं होतं. त्या नियमांत विसाव्या लेव्हलला योद्ध्याचा मूळ हल्ल्याचा आकडा 20 आणि जादूगाराचा 10 असायचा. फासा वीसचा आणि त्यातलं अर्धं अंतर आधीच पडलेलं! 2002 मध्ये त्यांनी वीसच्या पुढच्या लेव्हलसाठी 'एपिक लेव्हल हँडबुक' काढलं. त्यात त्यांनी ही एक गोष्ट शहाणपणाची केली: विसाव्या लेव्हलनंतर हल्ल्याचा आणि सेव्हिंग थ्रोचा आकडा सगळ्यांचा एकाच वेगानं वाढणार, मग तो योद्धा असो की जादूगार. पडलेलं अंतर बुजलं नाही, पण आणखी रुंद तरी झालं नाही. 2008 च्या चौथ्या आवृत्तीनं अधिकृतपणेच तीस लेव्हल दिल्या आणि सगळ्यांच्या सगळ्या आकड्यांत अर्धी लेव्हल मिळवली. अंतर पडलं नाही, पण शत्रूंचे आकडेही त्याच चालीनं वर जायचे. कागदावर मोठमोठ्या बेरजा लिहायच्या आणि लागायचं तेच 10 नाहीतर 11. माझ्या मते वीसच्या पुढे हल्ल्याचे आकडे वाढवूच नयेत. लाल चौकटीवर काट मार.

सेव्हिंग थ्रोचं पान तर त्याहून वाईट आहे, कारण तिथं नुसता घाव चुकत नाही, माणूस खेळातून बाहेर बसतो. विसाव्या लेव्हलच्या जादूगाराच्या मंत्राची डीसी 8 अधिक 6 अधिक 5, म्हणजे 19. योद्ध्याची विज़्डम 10, त्यात प्रोफिशियन्सी नाही, म्हणजे मिळवायला शून्य. मन ताब्यात घेणारा मंत्र पडला तर त्याला 19 किंवा 20 पडावे लागतात: 10 टक्के. 'इन्डॉमिटेबल' वापरून पुन्हा एकदा फासा टाकला तरी 19 टक्के. हे मूळ नियमांतच फार कमी आहे. तू तुझ्या खलनायकाची डीसी 24 केली आहेस. या आवृत्तीत सेव्हिंग थ्रोला वीस पडले म्हणून आपोआप सुटका होत नाही. म्हणजे तुझ्या मैत्रिणीला फासा टाकण्यातही अर्थ नाही. ती कशी सुटणार होती, ते तिनं तुला विचारलं होतं का? विचारलं असेल, तर ती अर्ध्यातून का उठली ते तुला कळेल.

डीसी 19 वरच ठेव. आणि विसाव्या लेव्हलनंतर ज्याला ज्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी नाही, त्यालाही तिथे अर्धी, म्हणजे 3 मिळवू दे. 10 टक्क्यांचे 25 होतात. शिवाय एक सोय ठेव: सेव्ह हुकला तरी खेळाडूनं ठरवलं तर मोठी किंमत देऊन त्या मंत्रातून सुटता येईल. समज, निम्मे हिट पॉइंट जातील, किंवा हातातलं जादूचं शस्त्र कायमचं साधं होईल. किंमत कोणती हे तू सांग, द्यायची की नाही हे ती ठरवेल. निदान तिचा रविवार दुसऱ्याचे फासे मोजण्यात जाणार नाही.

इथवर गणित झालं. पण आकडे सगळे दुरुस्त केलेस तरी ती मुलगी खूश होईल याची खात्री मी देणार नाही.

तुमचा जादूगार आणि योद्धा यांच्यात नुकसान करण्याच्या ताकदीचा फरक लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. मिटिअर स्वॉर्मचे 40 फासे टाकले की सरासरी 140 येतात, भीतीच वाटते. पण तो मंत्र दिवसातून एकदा. योद्धा चार घाव दर फेरीला घालतो आणि थकत नाही. खरा फरक क्रियापदांचा आहे. जादूगाराला प्रत्येक पायरीवर नवं क्रियापद मिळत गेलं: उडणं, अदृश्य होणं, क्षणात दुसऱ्या शहरात जाणं, दुसऱ्या जगाचं दार उघडणं, काळ थांबवणं आणि शेवटी नुसती इच्छा करणं. योद्ध्याला पहिल्या लेव्हलला 'मारणं' मिळालं होतं. पाचव्याला 'दोनदा मारणं'. अकराव्याला तीनदा. विसाव्याला चारदा. तू तुझ्या वहीत तिला पंचविसाव्या लेव्हलला काय दिलंस? 'पाचदा मारणं'.

म्हणून गोष्टीत काही ठरवायची वेळ आली की तुम्ही सगळे जादूगाराच्या तोंडाकडे बघता. ती मुलगी त्याच्या मोठ्या आकड्यांवर चिडलेली नाही. राजाला भेटायचं, किल्ल्यात शिरायचं, मेलेल्या मित्राला परत आणायचं, यातल्या कशातच तिला हात घालता येत नाही.

तेव्हा आकडे नको, वरदानं दे. ही माझी कल्पना नाही. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हेच आहे. विसाव्या लेव्हलला 3,55,000 अनुभवगुण झाल्यावर पुढे लेव्हल वाढवायचीच नाही. दर 30,000 गुणांमागे एक 'एपिक बून' द्यायचं, असं त्यांनी सुचवलं आहे. आणि वरदान कसं द्यावं हे आपल्या गोष्टींइतकं कोणाला कळतं? हिरण्यकशिपूला ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून मरण. ऐकायला सगळ्या बाजूंनी बंद, तरी उंबऱ्याएवढी फट राहिलीच. भस्मासुराचं वरदान तर त्याच्याच डोक्यावर आलं. प्रत्येक वरदानात एक फट ठेवायची, आणि ती फट खेळाडूला आधी माहीत असायला हवी. ती लपवून ठेवलीस तर तो डाव झाला.

मी तुझ्या योद्ध्यासाठी तीन लिहून बघितली.

पहिलं वरदान खिंडीचं. दिवसातून एकदा, एक मिनिटभर, तिच्या तीस फुटांच्या आतून कोणताही शत्रू पुढे जाऊ शकत नाही. उडणारा नाही, मंत्रानं गायब होऊन पलीकडे निघणारा नाही, टेरास्कही नाही. फट अशी की तिलाही जागचं हलता येत नाही. ती हलली किंवा पडली की खिंड मोकळी. तिनं खिंड लढवायची आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी काम उरकायचं. त्या मिनिटात जादूगार तिच्या भरवशावर असतो, हे मला फार आवडतं.

दुसरं शपथेचं. एका शत्रूचं नाव घेऊन तिनं शपथ घेतली की तो कुठेही असला, अगदी दुसऱ्या जगात लपला असला, तरी तिला दिशा कळते. फट: त्यालाही ती कुठे आहे ते कळतं.

तिसरं वरदान तोडण्याचं. मंत्रानं बनलेली कोणतीही गोष्ट, भिंत, तुरुंग, शापसुद्धा, ती तलवारीच्या एका घावानं तोडू शकते. त्यानंतर दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत ती तलवार साधी लोखंडाची.

यात अधिक 1 कुठेच नाही, तरी पुढच्या रविवारी गोष्ट तिला विचारल्याशिवाय पुढे सरकणार नाही. चोरासाठी वस्तू नसलेल्या गोष्टी चोरण्याचं काहीतरी बनव. एखाद्याची सावली, एखादी आठवण, दिलेला शब्द. पुजाऱ्याला काय हवं ते पुजाऱ्यालाच विचार, त्या पात्राच्या देवाबद्दल तुझ्या वहीत एक ओळ नाही.

देवांवरून आठवलं. 1976 साली याच खेळाची एक पुरवणी निघाली, निरनिराळ्या संस्कृतींमधले देव आणि वीर आकड्यांत मांडणारी. आपले देवही होते त्यात. तेव्हाच काही टेबलांवर चाळीस-चाळीस लेव्हलची पात्रं फिरायला लागली होती. संपादकांनी प्रस्तावनेत त्यांची चक्क टिंगल केली. उत्तरेकडच्या देवांचा राजा ओडिन, त्याला जर 300 हिट पॉइंट असतील, तर तुमच्या चव्वेचाळिसाव्या लेव्हलच्या सरदाराला गंभीरपणे कोण घेणार, असा एकूण सूर. पण झालं असं की देवाला आकडा मिळाला, मग पोरांनी देव मारायला घेतले. आकडा लिहिला की तो संपवता येतो. तुझ्या गोष्टीतला जो कोणी सगळ्यात मोठा असेल, त्याला हिट पॉइंट देऊच नकोस. त्याला हरवायचा मार्ग हत्यारातून जाऊ नये.

आता जादूगाराकडे. त्याच्याकडून काही काढून घेऊ नकोस, तो तुझा मित्र आहे आणि त्यानं ते सगळं नियमानं मिळवलं आहे. पण गल्लीतल्या दादासारखी सिक्सरला किंमत लाव. 'विश' या मंत्रात ती मुळातच आहे. आठव्या पातळीपर्यंतच्या मंत्राची नक्कल सोडून दुसरं काही मागितलं तर तो मंत्र पुन्हा कधीच न येण्याचा धोका 33 टक्के. तुझ्या वहीत तू लिहिलंस की पंचविसाव्या लेव्हलनंतर हा धोका संपतो. ती ओळ खोड. खेळातला सगळ्यात सुंदर नियम आहे तो, धोका जाऊ देऊ नकोस. 'सिम्युलॅक्रम'नं बनवलेल्या प्रतिकृतीला दुसरी प्रतिकृती बनवता येणार नाही, हेही एका ओळीत लिहून टाक, नाहीतर एका दुपारी तुमच्या टेबलावर जादूगारांची पलटण उभी राहील. तिसऱ्या आवृत्तीच्या त्या एपिक पुस्तकात मंत्र स्वतः रचायची सोय होती आणि मदतीला जितके मंत्र जाणणारे घ्याल तितका मंत्र सोपा व्हायचा. लोकांनी गावंच्या गावं मदतीला उभी केली. किंमत दुसऱ्याच्या खिशातून देता आली की ती किंमत राहत नाही. ज्यानं मंत्र म्हटला, त्यानंच द्यायची.

सगळ्यात मोठा उपाय मात्र आकड्यांत नाही, झोपेत आहे. तुमच्याकडे दिवसाला एक लढाई होते, मग सगळे झोपतात आणि जादूगाराची पोतडी पुन्हा भरते. एकाच लढाईसाठी पूर्ण पोतडी रिकामी करायची मुभा असेल तर योद्ध्याच्या न थकण्याचा उपयोग काय? डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी विश्रांती सात दिवसांची. तो लाव. वीसच्या पुढच्या लेव्हलला आठवडाभर निवांत झोपायला मिळणं हीच चैन असते, शत्रू तेवढा वेळ देतात का? मंत्र जपून वापरावे लागले की तलवारीची आठवण होते.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंच. टेरास्कला 676 हिट पॉइंट आहेत, तेवढेच राहू दे. तुझ्या योद्ध्याचा एक घाव सरासरी 15 चा, चार घाव, 50 टक्के लागतात, म्हणजे फेरीला 30. तसे चौघं असले तर सहा फेऱ्यांत तो पडतो. 1352 केलेस तर बारा फेऱ्या. आमच्या टेबलावर या लेव्हलला एका फेरीला अर्धा तास लागतो. तीन तासांची लढाई सहा तासांची होईल, भीती तेवढीच राहील आणि कंटाळा दुप्पट. शिवाय 2014 च्या टेरास्कला लांबून मारायला काही नाही. तुमच्यातलं कोणी धनुष्य घेऊन उडायला लागलं की तो खाली नुसता गुरगुरत उभा राहणार, मग त्याला हजार दे की दहा हजार. हिट पॉइंट वाढवण्यापेक्षा त्याला उंच उडी दे, दगड फेकू दे. आणि मुख्य म्हणजे लढाई त्याला मारण्याची ठेवू नकोस. तो शहराकडे चाललाय, सहाव्या फेरीला वेशीवर पोचेल आणि आत माणसं आहेत, एवढं सांग. मग खिंडीचं वरदान कोणाकडे आहे ते टेबलावर सगळ्यांना आठवेल.

नवे नियम लागू कसे करायचे, यावर थोडं. वही बंद कर आणि चौघांना बोलाव. योद्ध्याच्या खेळाडूला आधी एकटीला भेट, आणि नियम समजावून सांगायला नाही. तिला विचार, "तुझ्या पात्राला गोष्टीत काय करता यायला हवं?" ती काय म्हणेल ते लिहून घे. माझी तीन वरदानं तिला आवडली नाहीत तर फेकून दे. कोणाला आधी दिलेली ताकद परत घ्यायची असेल तर गपचूप घेऊ नकोस. काय घेतो आहेस आणि बदल्यात काय देतो आहेस, ते त्याच्यासमोर सांग. आवडलं नाही तर नाही म्हणायचा हक्क त्याला हवा. प्रत्येक नवा नियम तीन रविवारांपुरता. तिसऱ्या रविवारी मतं घ्यायची, आणि गोष्ट सांगणाऱ्याचंही मत एकच.

ताई, आता परत तुमच्याकडे. तुम्ही मध्ये पडू नका, पण एक काम करा. चहा-पोहे देण्याच्या निमित्तानं खोलीत जाल तेव्हा एका कागदावर पाच नावं लिहून ठेवा. कोणी काही ठरवलं आणि त्यामुळे गोष्ट वळली की त्याच्या नावापुढे पेन्सिलीची एक खूण. फासे कोणी जास्त टाकले ते मोजू नका, निर्णय मोजा. खेळ कळायची गरज नाही. "मी पूल तोडते!" असं कोणी म्हणालं आणि बाकीचे ओरडले की समजायचं. दुपार संपल्यावर तो कागद मुलाच्या हातात द्या आणि काही बोलू नका. तो शहाणा आहे, वहीवरून दिसतं.

बारावीचं म्हणाल, तर रविवारची दुपार काढून घेऊ नका असंच मी सांगेन. फक्त कॅलेंडर पुढ्यात घेऊन त्यालाच मोजू द्या, परीक्षेआधी किती रविवार खरोखर मोकळे आहेत. सहा निघाले तर गोष्ट सहा रविवारांची. तीसपर्यंत चढायचं कारण नाही. जगात कितीतरी टेबलांवर लोक मुद्दाम सहाव्या लेव्हलला थांबतात आणि त्यापुढे फक्त नवी कौशल्यं घेत खेळतात. तुमची मुलं विसाव्याला थांबून तेच करू शकतील. पहिला रविवार नुसता बोलण्याचा. पुढचे चार, दर रविवारी एकाच्या पात्राची गोष्ट आणि त्याला एक वरदान. योद्ध्याचा नंबर पहिला लावावा, असं मला वाटतं. सहावा रविवार टेरास्कचा. त्या दिवशी जेवणाचं टेबल लवकर मोकळं करून द्या, आणि मुलाला सांगा की पडद्यामागे फासे टाकू नकोस, सगळ्यांना दिसतील असे टाक.